वाळू, लोखंड आणि पुसता येणारी स्मृती

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गाने कोल्हापूर सोडून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाला, गोकुळ शिरगावची वसाहत मागे पडल्यावर आणि दूधगंगेचा पूल व त्यापलीकडची कर्नाटकाची हद्द येण्यापूर्वी, डाव्या हाताला जो विस्तीर्ण माळ कारखान्यांच्या छपरांनी झाकलेला दिसतो, तीच कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेली पंचतारांकित एमआयडीसी होय. ज्या कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली यशवंतराव नावाचा एक नऊ वर्षांचा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि पुढे राजर्षी शाहू छत्रपती म्हणून साऱ्या देशाला वंदनीय झाला, त्या कागलचे नाव आज या वसाहतीमुळे डिझेल इंजिने, ओतीव भाग आणि उंची सुती कापड यांच्या मालावर छापले जाते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा कारखाना येथे आहे, फाउंड्र्या आहेत, ओतीव भागांना अंतिम आकार देणाऱ्या मशीन शॉपांच्या रांगा आहेत, आणि शेजारीच चांदीच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेले हुपरी आहे.

अशा लोखंडाच्या मुलखात सेमीकंडक्टर चिप आणि पुसता येणारी स्मृती यांच्या नात्याची चर्चा काढणे कोणाला अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे, कारण चिपचा विषय निघाला की आपले लक्ष तैवान, कोरिया किंवा गुजरातेतील साणंद यांच्याकडे जाते. मला मात्र असे वाटते की या नात्याचे मर्म समजून घेण्यास कागलइतकी योग्य जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल. कारण चिप ज्या द्रव्याची होते आणि स्मृती ज्या द्रव्याच्या आधाराने टिकते, ती दोन्ही द्रव्ये येथील कामगारांच्या हातांखालून रोज टनावारी जात असतात.

करड्या बिडाच्या ओतकामात सिलिकॉन हा परका पाहुणा नव्हे. भट्टीतील रसात फेरोसिलिकॉनच्या रूपाने तो घातला जातो, आणि बिडात सुमारे दोन टक्के सिलिकॉन असल्यामुळेच त्यातील कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो व तयार भाग यंत्रावर कापता येण्याजोगा मऊ राहतो. तो रस ज्या साच्यात ओतायचा, तो साचा सिलिका वाळूचा, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचा. सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापलेले लोखंड ही वाळू न वितळता धारण करते. ५७३ अंशांना तिच्या स्फटिकांची रचना बदलून ती किंचित फुगते आणि ते फुगणे सांभाळले नाही तर कास्टिंगच्या पृष्ठभागावर दोष उमटतो, हे फाउंड्रीतल्या जाणत्या माणसाला ठाऊक असते. तिची धूळ फुप्फुसात साचली तर सिलिकोसिससारखा असाध्य रोग जडतो, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे, कारण त्या वाळूची किंमत येथल्या माणसांनी आपल्या श्वासाने मोजलेली आहे. चिपसाठी लागणारा सिलिकॉन हाच, पण त्याची शुद्धता मात्र अशी की शंभर कोटी अणूंमागे एखादाही परका अणू खपत नाही. आणि त्याच्यावर जो पातळ निरोधक थर चढवला जातो, तो म्हणजे दुसरे तिसरे काही नसून ही सिलिकाच. साच्यातील वाळू लोखंडाला अडवून धरते. चिपमधील सिलिका विद्युत्भाराला अडवून धरते. पुसता येणाऱ्या स्मृतीचा सारा इतिहास म्हणजे या दुसऱ्या भिंतीचा इतिहास आहे.

ओतलेला भाग फाउंड्रीतून निघून मशीन शॉपमध्ये आला की त्याच्यावर अंमल चालतो तो सीएनसी यंत्राचा. टर्निंग सेंटर असो वा व्हीएमसी, त्याच्या कंट्रोलमध्ये दोन भिन्न प्रकृतीच्या स्मृती शेजारी शेजारी नांदत असतात. यंत्र बनवणाऱ्याने दिलेली मूळ प्रणाली ज्या स्मृतीत असते ती फ्लॅश जातीची; वीज गेली, महिनाभर यंत्र बंद राहिले, तरी तिच्यातील मजकुराला धक्का लागत नाही. परंतु ज्या मजकुरावर कारखान्याची रोजची भाकरी अवलंबून असते तो, म्हणजे जॉबचे प्रोग्रॅम, हत्यारांचे ऑफसेट, प्रत्येक अक्षाच्या स्क्रूतील सूक्ष्म चुका भरून काढणारे आकडे आणि यंत्राचे शेकडो पॅरामीटर, हा कित्येक कंट्रोलांत स्थिर रॅममध्ये राहतो. आणि ही रॅम विजेवाचून क्षणभरही काही लक्षात ठेवू शकत नसल्यामुळे यंत्र बंद असताना तिला जागे ठेवण्याचे काम तीन व्होल्टचा एक छोटा लिथियम सेल करीत असतो. अक्षांची निरपेक्ष स्थिती राखणाऱ्या एन्कोडरांसाठी पुष्कळदा आणखी एक वेगळी बॅटरी असते. सेल उतरत आला की पडद्याच्या कोपऱ्यात सूचना लुकलुकू लागते. तो बदलायचा तो कंट्रोल चालू ठेवूनच, अन्यथा मजकूर नाहीसा व्हायचा. ‘पॅरामीटर उडाले’ हे दोन शब्द मशीन शॉपमध्ये उच्चारले गेले की देखभाल विभागाची जी धावपळ उडते, तिचे मूळ या अल्पमोली सेलात असते.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. यंत्र चालू असते तेव्हा रॅमचा भार मुख्य विजेवर असतो. सेल झिजतो तो यंत्र विसावलेले असताना. खंडेनवमीला ज्या यंत्राची पूजा होते, तेच यंत्र दिवाळीच्या सुट्टीत मुख्य स्विच बंद करून आठवडाभर शांत ठेवले जाते, आणि जुन्या सेलाची कसोटी नेमकी त्या दिवसांत लागते. २०२० च्या टाळेबंदीत मार्चच्या अखेरीपासून कित्येक आठवडे साऱ्या वसाहतींतील यंत्रे निपचित पडली, तेव्हा ज्यांच्या सेलाची मुदत भरत आली होती त्यांच्या दृष्टीने ही कसोटी किती कठोर झाली असेल, याची कल्पना करता येते. म्हणून पॅरामीटरांची प्रत आरएस-२३२ च्या तारेने किंवा पडद्याशेजारच्या खाचेतील मेमरी कार्डावर घेऊन ठेवणे, आणि यंत्राबरोबर आलेला छापील तक्ता विजेच्या पॅनेलात जपणे, याला मी जमिनीच्या दस्तऐवजांइतकेच महत्त्व देतो.

मग सहजच प्रश्न उपस्थित होतो की फ्लॅशसारखी न विसरणारी स्मृती हाताशी असताना कारखान्याने आपले दफ्तर एका सेलाच्या भरवशावर का ठेवावे? याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. समजा, दर मिनिटाला एक जॉब उतरतो आणि प्रत्येक जॉबनंतर एका गणकातील आकडा बदलतो. तिन्ही पाळ्यांत मिळून दिवसाला १४४० वेळा ती नोंद पुसून नवी लिहावी लागेल. फ्लॅश स्मृतीची कोठी सर्वसाधारणपणे एक लाख वेळा पुसता येते असे धरले, तर त्याच जागी लिहीत राहिल्यास ती अडीच महिन्यांच्या आतच निकामी होईल. शिवाय फ्लॅशमध्ये एकच आकडा पुसण्याची सोय नाही. हजारो आकड्यांचा सबंध गट एकदम पुसावा लागतो. नोंदी जागा बदलत लिहून ही झीज पसरवून टाकण्याच्या युक्त्या पुढे निघाल्या, पण मूळची मर्यादा त्यामुळे नाहीशी होत नाही. रॅम विसरते पण झिजत नाही. फ्लॅश विसरत नाही पण झिजते. हे असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

यंत्राला आकड्यांच्या हुकमाने चालवण्याची कल्पना अमेरिकेत प्रत्यक्षात आली ती १९५२ साली, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये. आणि त्यानंतर सुमारे पाव शतक हे हुकूम छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर नोंदले जात. फितीवरचे छिद्र बुजवता येत नाही. हुकूम बदलायचा तर नवी फीत पाडायची. चिपचा जमाना आल्यावरही आरंभी परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. रॉममधील मजकूर चिप घडतानाच तिच्यात कोरला जाई, आणि एक अक्षर चुकले तरी कारखान्यातून नव्या चिपा घडवून येईपर्यंत थांबावे लागे. मायक्रोप्रोसेसर कितीही चतुर असला तरी ज्याचे हुकूम दुरुस्त करता येत नाहीत असा कारभारी लहान उद्योजकाच्या काय कामाचा? चिप सामान्य कारखानदाराच्या आवाक्यात आली ती तिच्यावरचे लिखाण पुसता येऊ लागले तेव्हा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिपमधील ट्रान्झिस्टर ही मुळात एक वाट आहे, आणि त्या वाटेवरून प्रवाह जाऊ द्यायचा की नाही हे वरच्या बाजूस असलेली गेट नावाची पट्टी ठरवते. गेट आणि वाट यांच्यामध्ये सिलिकेचा थर असतो; गेटवर व्होल्टेज आले की त्याचा प्रभाव थरापलीकडे पोचतो, इलेक्ट्रॉन मात्र पोचत नाहीत. १९६७ साली बेल प्रयोगशाळेतील डॉन काँग आणि सायमन झे या दोघांनी असे सुचवले की या थरातच, चहूबाजूंनी निरोधकाने वेढलेली आणि कोठेही न जोडलेली अशी आणखी एक पट्टी पुरून ठेवावी. तिच्यावर इलेक्ट्रॉन चढवले की त्यांना सुटायला वाट नाही. ते वर्षानुवर्षे तेथे राहतील आणि त्यांच्या अस्तित्वामुळे खालची वाट बंद की उघडी हे ठरत राहील. चिप आणि पुसता येणारी स्मृती यांचे नाते एवढेच आणि इतके निकटचे आहे: तोच ट्रान्झिस्टर, तीच सिलिका, फक्त मध्ये एक निराधार बेट. ती वेगळ्या कुळातील वस्तू नसून चिपच्याच पोटची आहे.

या कल्पनेला बाजारात उतरणारे रूप आले ते एका बिघाडाच्या तपासातून. इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन हे इस्रायली अभियंते कंपनीच्या एका आरंभीच्या स्मृती-चिपमधील दोषाचा माग काढीत होते. काही गेटांची जोडणी तुटून ती अधांतरी राहिली असावीत आणि त्यांच्यावर भार साचत असावा, हे तपासता तपासता त्यांच्या मनात आले की जे नको असताना घडते ते हवे म्हणून घडवले तर? १९७१ साली त्यातून १७०२ क्रमांकाची ईपीरॉम चिप निघाली. तिच्यात अवघे २०४८ बिट मावत, पण तेवढे पुसून पुन्हा लिहिता येत. इंटेलचेच गॉर्डन मूर यांनी पुढे या शोधाची योग्यता खुद्द मायक्रोप्रोसेसरच्या बरोबरीची मानली.

ज्यांनी १९८० किंवा १९९० च्या दशकात यंत्रांचे जुने कंट्रोल उघडून पाहिले असतील, त्यांना ही चिप आठवत असेल: पाठीवर एक गोल पारदर्शक खिडकी, आणि तिच्यावर चिकटवलेला कागदाचा तुकडा. खिडकी साध्या काचेची चालत नाही, कारण साधी काच अतिनील किरण अडवते. ती क्वार्ट्झची, म्हणजे पुन्हा सिलिकेचीच असावी लागते. पाऱ्याच्या दिव्याचा २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पंधरा-वीस मिनिटे आत पडला, की त्याचा प्रत्येक कण बेटावरच्या इलेक्ट्रॉनाला सुमारे ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतो. सिलिकॉन आणि सिलिका यांच्यामधला बांध आहे सव्वातीनच्या आसपास, तेव्हा इलेक्ट्रॉन तो ओलांडून निघून जातो आणि पाटी कोरी होते. खिडकीवर कागद लावला नाही तर उघड्या उन्हात हेच काम आठवडाभरात होते. दुरुस्तीच्या दुकानांत या कामासाठी ठेवलेल्या झाकणबंद पेट्या आता दिसेनाशा झाल्या असल्या, तरी प्रकाशाने स्मृती धुवून काढण्याची ती रीत मला अजूनही विज्ञानातील अत्यंत सुंदर रीतींपैकी एक वाटते.

परंतु चिप जागेवरून काढा, पेटीत ठेवा, पुन्हा लिहा आणि पुन्हा बसवा, ही यातायात फार काळ परवडणारी नव्हती. विजेनेच पुसायचे तर भिंत न पाडता इलेक्ट्रॉन भिंतीपार गेला पाहिजे. आणि राल्फ फाउलर व लोथर नॉर्डहाइम यांनी १९२८ सालीच दाखवून दिले होते की विद्युत्क्षेत्र पुरेसे प्रबळ असेल तर इलेक्ट्रॉन बांधावरून न जाता बांधातून जातो. सिलिकेची जाडी आठ-दहा नॅनोमीटरांवर आणली की ही वाट व्यवहारात उघडते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशा ईईपीरॉम चिपा निघाल्या. त्यांच्यात एकेक अक्षर पुसता येई, पण प्रत्येक कोठीला जागा जास्त लागे आणि त्यामुळे किंमत चढे.

जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी जी तडजोड शोधली तिने जगाचे दफ्तरच बदलले. प्रत्येक अक्षर वेगळे पुसण्याचा आग्रह सोडला, सबंध गट एकदम पुसायचा असे मुक्रर केले, तर कोठी लहान होते आणि स्मृती स्वस्त होते. १९८४ साली त्यांनी ही फ्लॅश स्मृती सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत जगापुढे मांडली, आणि १९८७ साली कोठ्या एकामागे एक गुंफून आणखी दाट केलेली नँड फ्लॅश सादर केली. त्यांच्या कंपनीने या शोधाचा पुरेसा आदर केला नाही; १९९४ साली ते विद्यापीठात शिकवायला निघून गेले, २००४ साली त्यांनी मोबदल्यासाठी न्यायालयात दावा लावला, आणि २००६ साली तो ८ कोटी ७० लाख येनांवर मिटला. ज्या शोधावर आज प्रत्येक मोबाइल चालतो त्याच्या कर्त्याला हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागावी, ही मला त्या इतिहासातील सर्वांत खेदकारक नोंद वाटते. इंटेलच्या पहिल्या फ्लॅश तंत्राच्या सहसंशोधकांत पुण्यात जन्मलेले विनोद धाम होते, ही गोष्ट आपल्याकडे त्यांच्या पेंटियमच्या कीर्तीमुळे झाकली गेली आहे.

आता झिजेचे कारण उघड व्हावे. भिंतीतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांपैकी काही भिंतीतच अडकतात, तिच्या बांधणीतील दुवे दुखावतात, आणि हजारो वेळा असे झाले की भिंत गळू लागते. मग बेटावरचा भार मुदतीपूर्वीच ओसरतो. स्वस्ताईसाठी एका कोठीत एकाऐवजी तीन बिट कोंबण्याची प्रथा पडल्यावर तर ही सहनशक्ती लाखावरून काही हजारांवर आली. भिंत जितकी जाड तितकी आठवण पक्की, पण पुसणे तितकेच कष्टाचे. भिंत जितकी पातळ तितके पुसणे सुकर, पण आठवण तितकीच तकलादू. या तंत्रातील जवळजवळ सारे शोध या दोन टोकांमधली जागा हुडकण्यात खर्ची पडले आहेत.

कागलच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ यंत्रांच्या कंट्रोलापुरता उरलेला नाही. डिझेल जनित्रांच्या धुरासंबंधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे चौथ्या टप्प्याचे कडक निकष २०२३ पासून अमलात आले, आणि त्यांच्यामुळे इंधन किती आणि कोणत्या क्षणी सोडायचे हा निर्णय पुष्कळशा इंजिनांत यांत्रिक पंपाकडून इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे गेला. त्या नियंत्रकातील तक्ते, म्हणजे कोणत्या वेगाला आणि कोणत्या भाराला किती इंधन, हे सारे फ्लॅश स्मृतीत असतात. एकेकाळी पाना आणि फीलर गेज घेऊन जे जुळवले जाई, ते आता अडकवून ठेवलेल्या भारांच्या रूपाने इंजिनाबरोबर बाहेर पडते. लोखंड ओतणाऱ्याच्या मालात स्मृती हा एक भागच झालेला आहे.

मग ही स्मृती आपण घडवतो का? मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली उत्पादन सुरू झाले आणि १९८९ सालच्या आगीने ते उद्ध्वस्त केले, त्या आघातातून देशाला सावरायला फार वर्षे लागली. त्याच मोहालीच्या १८० नॅनोमीटर उत्पादन-ओळीसाठी मुंबईच्या आयआयटीतील उदयन गांगुली यांच्या चमूने एकदाच लिहिता येणारी स्मृती विकसित केली आणि २०२१ साली ती जाहीर झाली. तिच्यात सुमारे दहा अणूंच्या जाडीचा सिलिकेचा थर असतो. लिहायचे म्हणजे त्या थराला विजेचा असा झटका द्यायचा की तो तेथे कायमचा फुटावा. संवेदकांच्या जन्मजात चुका भरून काढणारे आकडे चिपवर नोंदण्यासाठी अशी स्मृती लागते. येथे भिंत ओलांडायची नाही, ती पाडायची आहे. म्हणूनच ती पुसता येत नाही.

पाडलेली भिंत पुन्हा उभी करता आली तर? या प्रश्नावर कागलपासून पंधरा-वीस किलोमीटरांवर, १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात काम चालू आहे, आणि ते इकडील वाचकांना पुरेसे ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते. महागड्या निर्वात यंत्रांऐवजी रासायनिक द्रावणांतून पातळ थर चढवण्याची विद्या या विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे, प्रमोद पाटील यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांनी जोपासली. त्या परंपरेत, नॅनो-विज्ञान विभागात, तुकाराम डोंगळे आणि त्यांचे सहकारी मेमरिस्टर जातीच्या स्मृतीवर संशोधन करीत आले आहेत. लिऑन चुआ यांनी १९७१ साली गणिताने भाकीत केलेले आणि २००८ साली ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेने टायटेनियम ऑक्साइडच्या थरात दाखवलेले हे साधन रचनेने अत्यंत साधे असते: दोन धातूंच्या मध्ये ऑक्साइडचा एक थर. डोंगळे यांच्या आरंभीच्या कामात तापलेल्या पृष्ठावर द्रावण फवारून टंगस्टन ऑक्साइडचा थर चढवला होता आणि त्याची एक बाजू चांदीची होती. अशा साधनात व्होल्टेज लावले की चांदीचे आयन थरात शिरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूक्ष्म तंतू विणतात आणि वाट खुली होते. व्होल्टेज उलटे केले की तंतू तुटतो आणि भिंत पूर्ववत होते. हुपरीच्या चांदीचा असाही एक उपयोग संभवतो, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

या स्मृतीत गट पुसण्याची सक्ती नाही, बेटावर भार राखण्याचा खटाटोप नाही, सेलाची गरज नाही. तिची अडचण निराळी आहे. तंतू प्रत्येक वेळी नेमक्या त्याच जागी आणि त्याच जाडीचा विणला जात नाही, त्यामुळे एका साधनाचे वागणे दुसऱ्याशी, आणि एकाच साधनाचे आजचे वागणे कालच्याशी जुळत नाही. प्रक्रियेतील हा विखुरलेपणा आवरणे म्हणजे काय असते, वाळूतील ओलावा अर्ध्या टक्क्याने ढळला की कास्टिंगची सबंध खेप कशी बाद होते, हे ज्यांनी आयुष्यभर अनुभवले ते लोक कागलात आहेत. आणि प्रक्रियेच्या नोंदी ठेवण्याची, नमुने मोजण्याची, कारण शोधण्याची त्यांची शिस्त विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला उपयोगी पडेल, तसेच प्रयोगशाळेतील साधने तपासायला येथील पॅनेलांसारखी जागा दुसरी मिळणार नाही, असे मी दोन्ही पक्षांना सांगू इच्छितो. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या पॅनेलात, तेलाच्या वाफेत आणि मोटारींच्या विद्युत् कोलाहलात, दर मिनिटाला एक नोंद या हिशेबाने पंधरा वर्षे चालायचे तर त्या एका कोठीला सुमारे ७९ लाख वेळा पुसणे आणि लिहिणे सोसले पाहिजे. सेलाची जागा घेऊ पाहणाऱ्या कोणत्याही स्मृतीपुढे मशीन शॉपने ठेवायची पहिली अट ही आहे.